भाडं कोणी भरलं?

१८८० च्या सुमाराला ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीत एखादा म्हातारा आयरिश शेतकरी वारला, की त्याचा मुलगा मृत्यूची नोंद करायला रजिस्ट्रारकडे जायचा. नाव, वय आणि मरणाचं कारण सांगून त्याची सुटका होत नसे. मयताचा जन्म कुठला? या वसाहतीत किती वर्षं होता, त्याआधी दुसऱ्या वसाहतीत होता का? बापाचं नाव काय, बापाचा धंदा काय? आईचं नाव, तिचं माहेरचं आडनाव? लग्न कुठं झालं, कितव्या वर्षी, कोणाशी? मुलंबाळं किती, क्रमानं नावं आणि वयं सांगा. डॉक्टरनं शेवटचं कधी तपासलं होतं? पुरलं कुठं, त्या वेळी साक्षीला कोण होतं?

त्याच काळात इंग्लंडात मोठ्या माणसाच्या मृत्यूच्या दाखल्यावर नाव, वय, धंदा, मरणाचं कारण आणि खबर देणाऱ्याचं नाव, एवढं आलं की काम झालं. आईबापांचा पत्ता नाही, जन्मगावाचाही नाही.

म्हणजे मायदेशी मेला असता तर ज्याच्याबद्दल चार ओळी उरल्या असत्या, त्याच्याबद्दल परमुलखात पानभर मजकूर उरला. याचं श्रेय विल्यम हेन्री आर्चर नावाच्या एका तरुण इंग्रजाला जातं. आकडेमोड हा त्याचा पेशा. तो १८५२ मध्ये मेलबर्नला उतरला आणि पुढच्याच वर्षी, १ जुलै १८५३ पासून, व्हिक्टोरियात जन्म, मृत्यू आणि लग्नाची सक्तीची नोंदणी सुरू झाली. तिचे रकाने त्यानं आखले. सोनं नुकतंच सापडलं होतं. १८५१ मध्ये वसाहतीची वस्ती ७७ हजारांच्या आसपास होती, १८६१ मध्ये ती ५ लाख ४० हजारांच्या घरात गेली. एवढी माणसं कुठून येतायत, किती जगतायत, कशानं मरतायत हे सरकारला मोजायचं होतं. पणतवंडांनी पुढे घराण्याचा इतिहास लिहावा हा काही हेतू नव्हता. सोय झाली ती झाली.

पण या दाखल्यात एक मेख आहे. ज्याचा दाखला त्याला कोणी काही विचारलेलं नसतं, तो गेलेला असतो. उत्तरं देणारा मुलगा वसाहतीतच जन्मलेला. आजीला त्यानं कधी पाहिलेलं नाही, तिचं माहेरचं आडनाव फक्त कानावरून गेलेलं. जन्मगाव विचारलं की तो सांगायचा, ‘टिपरेरी’. टिपरेरी हा आख्खा जिल्हा झाला. मुंबईतल्या माणसाला गाव विचारावं आणि त्यानं ‘कोकण’ म्हणून मोकळं व्हावं, तसलाच प्रकार. म्हणून लग्नाचा दाखला जास्त भरवशाचा, कारण तिथं बोलणारा माणूस स्वतःबद्दल बोलत असतो. (तोही वय चोरतो, ते वेगळं.)

इंग्लंड-आयर्लंडातून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या घराण्यांचा इतिहास खणायचा तर मूळ गावापासून सुरुवात करून चालत नाही. शेवटच्या माणसापासून मागे मागे जायचं, आणि प्रत्येकाबद्दल आधी एक रोखठोक प्रश्न विचारायचा: याच्या जहाजाचं भाडं कोणी भरलं? ज्यानं भाडं भरलं त्यानं चौकशा केल्या, आणि त्या चौकशांचे कागद आज आपल्या हाती आहेत.

पहिला प्रकार सरकारनं स्वखर्चानं, बळजबरीनं नेलेल्यांचा. १७८८ ते १८६८ या ८० वर्षांत ब्रिटननं सुमारे १ लाख ६० हजार कैदी ऑस्ट्रेलियाला धाडले. आपल्याकडे ज्याला काळं पाणी म्हणत तीच ही शिक्षा: ७ वर्षं, १४ वर्षं किंवा जन्मभर. यातला साधारण चौथा हिस्सा आयर्लंडातून गेलेला. कैदी पळाला तर ओळखता यावा म्हणून त्याचं सगळं लिहिलेलं असे. नाव, वय, गाव, गुन्हा, कोर्ट, धंदा, लिहिता-वाचता येतं का, धर्म, उंची, डोळ्यांचा आणि केसांचा रंग, कुठं व्रण, दंडावर कसलं गोंदण. या दफ्तराला २००७ मध्ये युनेस्कोनं जगाच्या स्मृतींच्या यादीत बसवलं.

दुसरा प्रकार सरकारी मदतीनं, म्हणजे फुकट किंवा अर्ध्यामुर्ध्या भाड्यात गेलेल्यांचा. यांचेही कागद चांगलेच भरलेले असतात.

तिसरा प्रकार पदरचे पैसे मोजून गेलेल्यांचा. त्यांच्या नावापुढे जहाजाच्या यादीत काय सापडतं? ‘श्री. स्मिथ, सौ. स्मिथ, तीन मुलं.’ कुठले स्मिथ, कोणाचे कोण, देव जाणे. ज्याला कोणाचं देणं नाही त्याला विचारणार कोण? त्यामुळे ऑस्ट्रेलियात एक गंमत झाली आहे: डुकरं चोरून आलेल्या माणसाच्या डोळ्यांचा रंग त्याच्या वंशजांना ठाऊक असतो, आणि खिशात पैसे खुळखुळवत आलेल्या व्यापाऱ्याचं पाळण्यातलं नावही हाती लागत नाही.

डुकरांचं उदाहरण मनचं नाही. नेड केली हा ऑस्ट्रेलियातला सगळ्यात गाजलेला दरोडेखोर, ११ नोव्हेंबर १८८० रोजी मेलबर्नच्या तुरुंगात फासावर गेला. त्याचा बाप जॉन केली टिपरेरीचा. दोन डुकरं चोरल्याबद्दल १८४१ मध्ये त्याला ७ वर्षांची शिक्षा झाली आणि व्हॅन डीमन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला, पाठवलं गेलं. आई एलन क्विन आयर्लंडातल्याच अँट्रिमकडची. तिचं कुटुंब त्याच १८४१ मध्ये सरकारी मदतीच्या भाड्यानं मेलबर्नकडे आलं. शिक्षा भोगून बाप समुद्र ओलांडून मुख्य भूमीवर आला, आणि १८५० मध्ये मेलबर्नच्या चर्चमध्ये दोघांचं लग्न लागलं. बापाचा गुन्हा, शिक्षा, जहाज सगळं कागदावर आहे. ज्याच्यावर ढीगभर लिहिलं गेलं त्या नेडची जन्मतारीख मात्र आजही वादात आहे. कोणी १८५४ ची अखेर म्हणतं, कोणी १८५५. रानातल्या झोपडीत जन्मलेलं पोर, ते कोणाच्या खर्चात धरलेलं नव्हतं.

मदतीचं भाडं हा काय मामला होता, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेचा प्रवास तुलनेनं जवळचा आणि स्वस्त. ऑस्ट्रेलियाला तीन-चार महिने लागत आणि भाडं अमेरिकेच्या तीन-चार पट. इंग्लंडातला शेतमजूर किंवा आयर्लंडातलं कूळ जन्मात तेवढी रक्कम साठवू शकत नसे. तेव्हा १८३१ मध्ये ब्रिटिश सरकारनं न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीकडच्या वसाहतीत, जमिनी फुकट वाटणं बंद केलं. लिलाव करायचा, एकरी किमान ५ शिलिंग, आणि आलेल्या पैशातून मजुरांची भाडी भरायची. १८४० मध्ये लंडनला जमीन आणि स्थलांतर यांचं एक आयोगच बसवलं. त्याच्या अटी: तरुण हवेत, धडधाकट हवेत. नवी जोडपी, शेतमजूर, मेंढपाळ, घरकाम करणाऱ्या मुली यांना आधी जागा.

अटी आल्या की खोटंही आलं. लँकशरचा विणकर जहाजावर चढता चढता शेतमजूर झाला. बेचाळिशीतला माणूस अडतीस वर्षांचा झाला. ज्यांनी या याद्या वर्षानुवर्षं चाळल्या आहेत ते वयात चार-पाच वर्षांचं अंतर दिसलं तरी बिचकत नाहीत, आणि धंद्याच्या रकान्यावर तर मुळीच विसंबत नाहीत.

(मुंबई बंदरातून मॉरिशसच्या ऊसमळ्यांत गेलेल्या करारबद्ध मजुरांवर, म्हणजे त्यातल्या रत्नागिरीकडच्या मराठी माणसांवरही, देखरेख लंडनच्या याच आयोगाची होती. त्यांच्या नोंदींत बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरच्या खुणा असं सगळं आहे. त्या वह्या आज मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. भाडं दुसऱ्याचं, त्यामुळे रकानेही भरपूर.)

जहाजाच्या पोटात तीन कप्पे असत. पुढे एकटे पुरुष, मध्ये कुटुंबं, मागे एकट्या मुली, त्यांच्यावर एक देखरेखीची बाई. जहाजावरच्या डॉक्टरला मोबदला मिळे तो पलीकडे जिवंत उतरवलेल्या डोक्यांमागे. हा हिशेब ज्यानं बसवला त्याला माणसाचा स्वभाव पक्का कळलेला होता.

सिडनीला जहाज लागलं, की वसाहतीचे अधिकारी पुन्हा वर चढत आणि पहिल्यापासून विचारायला लागत. लंडनच्या यादीवर त्यांचा विश्वास नव्हता, कारण पैसे वसाहतीच्या तिजोरीतून जात होते आणि तिकडे माणसं निवडणाऱ्या एजंटानं भलताच माल पाठवला असेल तर ते द्यायचे नव्हते. जन्मगाव कुठलं, आईबापांची नावं काय, ते हयात आहेत का, असले तर कुठं राहतात? धर्म? वाचता येतं, की लिहिताही येतं? वसाहतीत नातलग कोण? जहाजावर वागणूक कशी मिळाली, काही तक्रार? या यादीत ‘बाप मयत, आई अमुक गावी’ अशी ओळ सापडली, की शोधणाऱ्याचं दोन वर्षांचं काम एका दुपारी होतं.

‘नातलग कोण’ या रकान्याकडे मी सगळ्यात आधी बघेन. कारण एकटं सहसा कोणी येत नसे. आधी एक बहीण यायची, ती चाकरी करून पैसे साठवायची, मग भावाला बोलवायची, तो मेहुण्याला. १८५३ पासून न्यू साउथ वेल्समध्ये याची रीतसर व्यवस्था झाली. इथं असलेल्या माणसानं थोडी रक्कम अनामत भरायची, ज्यांना आणायचं त्यांची नावं, वयं आणि गाव लिहून द्यायचं, ओळख पटवायला गावच्या पाद्र्याचं नाव द्यायचं. त्या अनामतीच्या वह्या शाबूत आहेत. भाडं आता थोडं सरकारचं आणि थोडं बहिणीचं, आणि आयर्लंडातल्या नेमक्या गावाचं नाव पुष्कळदा याच वहीत मिळतं. म्हणून खापरपणजोबाचा माग संपला की त्याच्याच नावाशी डोकं आपटत बसू नये. त्याच्या बहिणीचा, साडूचा, जहाजावरच्या शेजाऱ्याचा कागद काढावा.

इथपर्यंत इंग्रज आणि आयरिश एका वाटेनं चालतात. समुद्र ओलांडून मागे गेलं, की वाटा फुटतात.

इंग्लंडची वाट सोपी आहे. पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. तिथल्या बारशा-लग्न-दफनाच्या वह्या १५३८ पासून ठेवण्याचा हुकूम होता. सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून. १८४१ च्या जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे, फक्त १५ च्या वरची वयं पाचाच्या पटीत खाली ओढलेली. १८५१ मध्ये जन्माची पॅरिशही लिहिलेली. गाव कळलं, की माणूस सापडतो. कित्येकदा भाडं त्या पॅरिशनंच भरलेलं असे: गरिबांना जन्मभर पोसण्यापेक्षा एकदाच पाठवून देणं स्वस्त, असा सरळ व्यवहार. १८३४ च्या गरिबांच्या कायद्यानं त्यासाठी कर्ज काढायची मुभाही दिली.

त्याच १८३४ मध्ये डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटना बांधून गुप्त शपथ घेतल्याबद्दल ७ वर्षांचं काळं पाणी झालं. देशभर आरडाओरडा झाला, १८३६ मध्ये माफी मिळाली, माणसं परत आली. पुढे त्यातले पाच जण पुन्हा बोटीवर चढले, या खेपेला आपल्या मर्जीनं, आणि कॅनडात ऑंटेरिओला जाऊन वसले. दोन प्रवासांतल्या पहिल्याचीच नोंद जास्त बारकाईची आहे, हे आता सांगायला नको.

आयर्लंडची वाट मध्येच खचते. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्ध सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले असताना, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीत स्फोट होऊन तिथलं सरकारी दफ्तर जळालं. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे कागद जवळजवळ सगळे त्यात गेले. प्रोटेस्टंट चर्चच्या शेकडो वह्या गेल्या, मृत्युपत्रं गेली. १८६१ आणि १८७१ चे कागद तर सरकारनंच आकडे काढून घेतल्यावर नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ चे कागद पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईपायी लगद्यात गेले. हाती राहिल्या १९०१ आणि १९११ च्या जनगणना. पण १८५० मध्ये देश सोडून गेलेल्याला १९०१ च्या यादीत कुठून शोधणार? सगळ्यांची सरकारी नोंदणीही १८६४ ला सुरू झाली, तोवर महादुष्काळ येऊन गेला होता. १८४५ ते १८५२ मध्ये बटाट्याच्या करप्यानं सुमारे १० लाख माणसं मेली, तितकीच देशोधडीला लागली.

उरतं ते दोन ठिकाणी. एक, कॅथलिक चर्चच्या वह्या. त्यांची छायाचित्रं आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं २०१५ पासून इंटरनेटवर फुकट खुली केली आहेत. पश्चिमेकडच्या गरीब भागांत त्या १८२० नंतरच, कुठं त्याहून उशिरा सुरू होतात. नावं बहुधा लॅटिनमध्ये: जेम्सचा जेकोबस होतो, विल्यमचा गुलिएल्मस. दोन, ग्रिफिथची मोजणी, १८४७ ते १८६४ मधली. कर बसवण्यासाठी केलेलं हे जमिनीचं दफ्तर. कुळाचं नाव, मालकाचं नाव, क्षेत्र आणि आकार. सातबारा वाचायची सवय असलेल्या आपल्या माणसाला ते लगेच उमगेल. त्यात शोधायची ती टाउनलँड, म्हणजे आपल्याकडच्या वाडीसारखी सगळ्यात लहान वस्ती. अशा साठ हजारांहून अधिक आहेत आणि एकाच नावाच्या डझनावारी. म्हणून तर ऑस्ट्रेलियातल्या कागदावर वाडीचं नाव मिळेपर्यंत आयर्लंडात पाऊल टाकण्यात अर्थ नसतो.

आडनावांची वेगळी तऱ्हा. ‘ओ’ आणि ‘मॅक’ इंग्रजी अमलात गळून पडत आणि नातवाच्या काळात परत चिकटत. लिहिणाऱ्याला कानावर जे पडलं ते उतरलं. थोडी मदत होते ती नाव ठेवण्याच्या रीतीची: पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. नातवाला आजोबांचं नाव ठेवणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. हल्ली डीएनए तपासून चुलत-चुलत भावंडं जुळवतात, पण त्यातून नातं आहे एवढंच कळतं. नातं कुठल्या पिढीत, कुठल्या वाडीत फुटलं ते पुन्हा वह्यांतूनच काढावं लागतं.

आता भाड्याच्या प्रश्नाचा शेवट. वसाहतीनं भाडं भरलं ते जमिनी विकून. त्या जमिनी तिच्याकडे आल्या कुठून? मेलबर्न वसलंय ती भूमी कुलिन या तिथल्या मूळ रहिवाशांची. १८३५ मध्ये जॉन बॅटमन नावाच्या माणसानं तिथल्या वडीलधाऱ्यांशी चादरी, कुऱ्हाडी, पीठ देऊन जमिनीचा करार केल्याचा दावा केला. गव्हर्नरनं तो रद्द ठरवला: जमीन मुळात राजाचीच, ती विकणारे हे कोण? हा समज ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयानं माबो खटल्यात मोडून काढला तो १९९२ मध्ये. तेव्हा डॉर्सेटच्या मजुराचं आणि टिपरेरीच्या मुलीचं भाडं खरं तर कुलिन आणि त्यांच्यासारख्या लोकांच्या जमिनीतून भरलं गेलं. घरोघरच्या वंशावळींत हे बहुधा येत नाही. पूर्वी कैदी पूर्वजही येत नसे. ‘आमचे आजोबा पहारेकरी शिपाई होते’ असं घरी सांगत, आणि ते ऐकून मोठी झालेली नातवंडं आता तोच कैद्याचा कागद चौकटीत लावतात.

या सगळ्या कहाण्यांत मला सगळ्यात जवळची वाटते ती अनाथ मुलींची. १८४८ ते १८५० मध्ये, वसाहतमंत्री अर्ल ग्रे याच्या योजनेखाली, आयर्लंडच्या दुष्काळातल्या गरीबघरांमधून, म्हणजे निराधारांना ठेवून घेणाऱ्या सरकारी घरांमधून, १४ ते २० वर्षांच्या ४ हजारांहून अधिक मुली सिडनी, मेलबर्न आणि ॲडलेडला पाठवल्या गेल्या. प्रत्येकीला एक लाकडी पेटी. तिच्यात ६ शर्टवजा आतले कपडे, २ फ्लॅनेलचे परकर, ६ मोज्यांचे जोड, २ बुटांचे जोड, २ झगे. पेटीचा आणि इंग्लंडातल्या प्लिमथ बंदरापर्यंतचा खर्च गरीबघराचा, पुढचं भाडं वसाहतीच्या जमीन-निधीतून. तेव्हा गरीबघराच्या ठरावांच्या वह्या आणि सिडनीची यादी दोन्ही बघाव्या लागतात. ‘अनाथ’ म्हणून पाठवलेल्या काही जणींची आई हयात होती, हे सिडनीच्या यादीतच निघतं. गरीबघराच्या दाराशी पोरीला सोडताना त्या आईला काय सांगितलं होतं, त्याला रकाना नव्हता.

पहिलं जहाज ऑक्टोबर १८४८ मध्ये सिडनीला लागलं. डॉक्टरनं बेलफास्टच्या मुलींच्या वर्तनावर ठपका ठेवला, वर्तमानपत्रांनी ओरड केली की आमच्या पैशानं आम्हाला कामाच्या बायका हव्या होत्या, यांना तर चूल पेटवता येत नाही. गरीबघरात वाढलेल्या मुलीला कोणी चूल दिली होती? दोन वर्षांत योजना गुंडाळली. तोवर मुली चाकरीला लागल्या, बहुतेकींची लग्नं झाली, आणि आज त्यांची वंशजं ऑस्ट्रेलियाभर आहेत.

सिडनीला त्यांना उतरवलं ते हाइड पार्क बराकीत. १८१९ मध्ये पुरुष कैद्यांसाठी बांधलेली ती इमारत १८४८ पासून बायकांचा उतारा झाली. तिथल्या भिंतीला १९९९ मध्ये दुष्काळाचं स्मारक जोडलं. काचेवर ४०० च्या आसपास मुलींची नावं कोरलीत, ती कडेकडेला पुसट होत जातात. ज्या जोडप्यानं ते घडवलं त्यातला नवरा, हुसेन वालामानेश, स्वतः इराण सोडून आलेला. आत इमारतीच्या दुरुस्तीत जमिनीच्या फळ्या उचकटल्या तेव्हा खाली उंदरांची बिळं सापडली. जे हाती लागेल ते उंदरांनी वर्षानुवर्षं ओढून नेलं होतं: कापडाचे तुकडे, शिवणाचं सामान, मातीच्या चिलमी, बायकांच्या बोनेट टोप्या, जपमाळेचे मणी.